दसऱ्यानंतरची शाई

लातूरच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये, दोन छोट्या बाटल्या शेजारी शेजारी असत. दोन्हींत काळं पाणी. एक संगमेशची, एक धम्मप्रियाची. त्या पाण्याला तिथे सगळे शाई म्हणत. कार्बनच्या नॅनो नळ्या, केस हजार ठिकाणी चिरला तरी त्यांच्यापुढे जाड ठरावा इतक्या बारीक, स्पिरिटात टाकून, बाटली एका यंत्राच्या थरथरणाऱ्या पाण्यात उभी करून घोळली की ती व्हायची. मसुराएवढं तोंड असलेला इलेक्ट्रोड घासून घासून आरशासारखा करायचा, तोंडावर शाईचा थेंब वाळवायचा, वर एन्झाइमचा पातळ थर द्यायचा आणि मग तो भाजीच्या अर्कात उभा करायचा. एन्झाइम सुखात असलं की वीज वाहते आणि संगणकाच्या पडद्यावर रेघेचा डोंगर होतो. भाजीवर कीटकनाशक असेल तर ते एन्झाइमचा गळा धरतं आणि डोंगर खचतो. डोंगर उभा तर भाजी घरी न्या, खचला तर उकिरड्यावर टाका. नळ्या एवढ्याचसाठी, की डोंगर दिसण्याजोगा व्हावा.

दसऱ्यापर्यंत दोघांचे डोंगर सारखेच होते, म्हणजे बुटकेच. दसऱ्यानंतर संगमेशचा एकाएकी तिप्पट झाला. धम्मप्रियाचा होता तिथंच राहिला.

आता माणसाचं असं आहे, की वाईट बातमी आली तर तो चारदा तपासून बघतो आणि चांगली आली की पेढे आणतो. राजशेखर सरांनी पेढे आणले. सर त्या दोघांचे पीएच.डी.चे गाइड. वागायला मऊ, इस्त्रीला कडक, कपाळावर भस्माचे तीन पट्टे इतके सरळ की त्यावरून फूटपट्टी तपासावी. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं आणि या कामाला मान्यता देणाऱ्या नांदेडच्या विद्यापीठातल्या समितीला कळवलं. बाजार समितीच्या फाटकावर हे यंत्र बसवायचं आणि आलेली भाजी तिथल्या तिथं तपासायची, असा तो बेत होता. विद्यापीठाच्या समितीनं कौतुक केलं आणि एक अट घातली. ही उंची दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या बाटल्यांतून आली पाहिजे. एकट्याच्याच हातून येतं त्याला शास्त्र म्हणत नाहीत, हातगुण म्हणतात.

दुसरा हात धम्मप्रियाचा, आणि तिच्या हातून ती येत नव्हती.

तिनं इलेक्ट्रोड बदलले, पाणी बदललं, घासायची पूड बदलली. काही हललं नाही. प्रयोगशाळेत आधी हळहळ झाली, मग थट्टा सुरू झाली. कुणी म्हणे हाताला गुण नाही, कुणी म्हणे घाई करते. शिपायापासून प्रयोगसहायकापर्यंत प्रत्येकाकडे तिच्यासाठी एक कारण होतं आणि प्रत्येक कारणाच्या मागे एक न बोललेलं कारण होतं. ते न बोललेलं तिला पाठ होतं, म्हणून ती न ऐकल्यासारखं करायची. एकदा तिनं सरांना सांगून पाहिलं, की संगमेशचा डोंगर उंच आहे खरा, पण असावा तिथं नाही, जरा डावीकडं सरकलेला आहे. सर म्हणाले, नॅनोट्यूब आहेत त्या, त्यांची लीला. संगमेशच्या बाटलीतली शाई वापरून बघू का, असं तिनं विचारलं. तर दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायचा नाही, असा नियम निघाला. नियम जुनाच होता. तिच्या बाबतीत तो जरा मन लावून पाळला जाई, एवढंच.

नांदेडला जायच्या आदल्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं. सरांचा एक गुण होता, ते उपकार कधी विसरत नसत, आपण केलेले. चार वर्षांपूर्वी कुणी घेत नव्हतं तेव्हा मी तुला घेतलं, इथून त्यांनी सुरुवात केली. शेवट असा केला: "उद्या समितीसमोर तुझ्या हातून संगमेशएवढी उंची आली तर आली. न्हाई आली, तर दुसरा गाइड बघ. मला आता पुढं जायचंय."

चार वर्षांनंतर दुसरा गाइड म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुसरा गाइड नसतोच.

सकाळी सरांची गाडी निघाली. सर चालवायला, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती उमादेवीकाकू, मागे संगमेश आणि धम्मप्रिया, आणि दोघांच्या मधे बर्फाचा डबा. डब्यात दोन्ही बाटल्या, एन्झाइम आणि तुलनेसाठी ठेवलेलं कीटकनाशकाचं पातळ द्रावण. सरांच्या परसातल्या हिरव्या मिरच्याही होत्या. फवारणी न केलेल्या. सर परीक्षेला जाताना प्रश्नपत्रिका घरूनच नेत.

काकूंना नांदेडात वजिराबादेत बहिणीकडं उतरायचं होतं. माहेर बिदरकडचं, त्यामुळं बोलणं कानडी हेलाचं आणि गाडी सुरू झाली की तोंडही सुरू. चाकूर येईपर्यंत त्यांनी नात्यातली दोन लग्नं मोडली आणि एक जुळवलं. संगमेशला म्हणाल्या, "तुझं कधी रे? का बाटलीशीच लगीन लावून राहिला?" संगमेश लाजला. त्याचं ठरलेलं होतं. फक्त प्रबंध व्हायची वाट होती. मग विषय आपोआप बाटलीवर आला.

काकूंचं म्हणणं असं, की या सगळ्या यशात त्यांचाही वाटा आहे आणि कुणी तो मोजत नाही. दरवर्षी खंडेनवमीला त्याच प्रयोगशाळेत येऊन यंत्रांची पूजा करतात. यंदाही केली. आणि यंदाच डोंगर चढला. मग?

"हो, हो," सर हसत म्हणाले. "पेटंटवर तुझंही नाव घालू."

"हसा. त्या मोठ्या यंत्राला सगळेच लावतात हळदीकुंकू. मी म्हटलं, खरं काम तर ती काळी बाटली करतेय. ती थरथरणाऱ्या पाण्यात उभी होती, टोपण उघडं. तिच्या अंगाला काय लावायचं, पुसून जातं. सरळ पोटात घातली चिमूटभर. हळद घरची होती, शुद्ध. कुंकू नाही घातलं, ते विकतचं."

संगमेश खो खो हसला. सरांनी आरशातून त्याच्याकडं बघून डोळा मिचकावला. धम्मप्रिया हसली नाही. खिडकीबाहेर तुरीची शेतं मागं पळत होती. ती त्यांच्याकडं बघत होती आणि तिला त्यांतलं एकही झाड दिसत नव्हतं.

खंडेनवमीला ती लातुरात नव्हतीच. तिच्या हिमायतनगरच्या घरची सगळी माणसं दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, तशी तीही आदल्या दिवशीच गेली होती. तिची शाई तिनं परत आल्यावर केली. म्हणजे दोन बाटल्यांत फरक एकच होता, आणि तो आत्ता पुढच्या सीटवर बसून पानाची चंची उघडत होता.

हळद स्पिरिटात विरघळते. तिच्यातलं पिवळं द्रव्य कार्बनच्या नळ्यांना असं चिकटतं की धुता धुवत नाही, आणि वीज दिली की स्वतःचा डोंगर उभा करतं. डावीकडं सरकलेला तो. त्याला एन्झाइम लागत नाही, भाजीही लागत नाही. काळ्या शाईत पिवळं दिसणार कसं? आणि दसऱ्यानंतर विष घालून कुणी पाहिलंच नव्हतं. दसऱ्याआधी पाहिलं होतं, तेव्हा डोंगर खचला होता. काम झालं होतं. आता घातलं तर तो खचणार नाही. फवारणीनं भिजलेली मेथी फाटकावर येईल आणि यंत्र म्हणेल, न्या घरी.

सांगावं. पण कसं? तिनं मनात वाक्य जुळवून पाहिलं. काकू, तुमच्या पूजेनं घोटाळा झाला. वाक्य खरं होतं, छोटं होतं आणि ते म्हणणारं तोंड चुकीचं होतं. पूजेला न थांबणारी, नागपूरला जाणारी मुलगी, जिचा हात चालत नाही, ती समितीच्या दारात पूजेला बोल लावते. यातलं हळदीचं रसायन कुणी ऐकणार नव्हतं. सर गाडी वळवणार नव्हते, फार तर तिला अहमदपूरला एसटीत बसवून देणार होते. तिनं ते वाक्य परत मोडून टाकलं.

अहमदपूरला चहाला थांबले. सर आणि काकू ओळखीच्या कुणाशी बोलत उभे राहिले, तशी संगमेशनं तिला गाडीच्या आडोशाला घेतलं. संगमेश उदगीरकडचा, अंगानं भरलेला, मनानं भित्रा आणि म्हणूनच चांगला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"ताई, एक बोलू का? आज माझ्या बाटलीतली घ्या. तुमची बाटली रिकामी करा, मी अर्धी तिच्यात ओततो. काळं ते काळं, कोण वळखतंय?"

दोन महिने ज्या बाटलीला हात लावू देत नव्हते, ती स्वतःहून चालत आली होती. नको तेव्हा.

"नियम आहे ना," ती म्हणाली.

"नियम गेला खड्ड्यात. सर खरंच काढतील तुम्हाला. मला झोप न्हाई दोन दिवसांची." त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. त्या वाईट वाटण्यात स्वतःचाही थोडा हिस्सा होता, कारण दुसरा हात जुळला नाही तर त्याच्या प्रबंधातलं प्रकरणही लोंबकळणार होतं. पण माणसाचं वाईट वाटणं शंभर नंबरी कधीच नसतं, जेवढं आहे तेवढं धरावं.

थेंबभर शाई, आणि डोंगर चढणार होता. सर पाठ थोपटणार होते, प्रबंध जाणार होता, हिमायतनगरला आई गल्लीभर साखर वाटणार होती. आणि बाजार समितीच्या फाटकावर एक खोटं बोलणारं यंत्र बसणार होतं, ज्यावर दुसरा हात म्हणून तिचंच नाव असणार होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "माझी आहे ती बरी आहे."

नांदेडला पोचले, काकूंना उतरवलं आणि विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मांडामांड सुरू झाली. सर समितीच्या लोकांना भेटायला गेले. दोघांनी इलेक्ट्रोड घासायला घेतले. ओल्या कापडावर पांढरी पूड टाकून इंग्रजी आठच्या आकड्यात हात फिरवायचा, म्हणजे तोंड सगळीकडून सारखं झिजतं. संगमेशनं आपला थेंब टाकला, वाळवला. एन्झाइमची कुपी उघडणार तोच धम्मप्रियानं त्याचा हात धरला.

"एन्झाइम नको. नुसता साध्या द्रावणात बुडव. रिकामा."

"रिकामा कशाला? रिकाम्याची रेघ आहे आपल्याकडं."

"ती गणपतीतली आहे."

त्यानं खांदे उडवले आणि बुडवला. त्यात भाजी नव्हती, एन्झाइम नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. पडद्यावर रेघ सपाट जायला पाहिजे होती. ती निघाली, डावीकडं वळली आणि चढत गेली. तोच तो डोंगर, ज्याचे पेढे खाल्ले होते.

संगमेशनं आधी वायर तपासली, मग द्रावण बदललं, मग पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तेच. तो स्टुलावर बसला.

"काकू," तो इतकंच म्हणाला. म्हणजे कळलं होतं त्याला. मूर्ख नव्हता, फक्त आनंदात होता. मग म्हणाला, "ताई, माझं सगळं प्रकरण दसऱ्यानंतरचंय."

"माहीत आहे."

"तुम्ही सांगणार?"

"तू सांगतोस का?"

त्यानं एन्झाइमची कुपी उगाच पुसायला घेतली. तेवढ्यात दार उघडलं आणि सरांच्या मागोमाग समिती आत आली.

अध्यक्ष सिंधु मॅडम, साठीला टेकलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं कमी. त्यांच्यासोबत सुदर्शन सर. हे समितीतले असे गृहस्थ, की ज्यांना प्रत्येक कामात लबाडी दिसते आणि चारांत एकदा ती असते, त्यामुळं चारही वेळा त्यांचा मान राहतो.

पहिला हात संगमेशचा. त्यानं एन्झाइम लावलं. सरांच्या परसातल्या मिरच्यांचा अर्क. इलेक्ट्रोड बुडला, डोंगर चढला. सुदर्शन सरांनी भुवया उंचावल्या. राजशेखर सर नुसते थोडे उंच झाले.

दुसरा हात धम्मप्रियाचा. तिची शाई, तिचा थेंब, तोच अर्क. रेघ निघाली, चढली आणि बुटक्या टेकाडावर थांबली. सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. सुदर्शन सर म्हणाले, मग दोन हात जुळत नाहीत तर. राजशेखर सर म्हणाले, मुलीच्या हाताला अजून सवय नाही, मुख्य काम संगमेशचं आहे, हिला आम्ही या कामातून मोकळं करून राहिलोत.

इतकं सहज म्हणाले, की कुणाला ते फाशीसारखं वाटलं नाही.

"मॅडम, एक परवानगी पाहिजे," धम्मप्रिया म्हणाली. आवाज बरा निघाला. "दोन्ही इलेक्ट्रोड इथंच आहेत. दोन्हींच्या अर्कात कीटकनाशकाचा थेंब टाकू द्या. तपासायचं तर विषच आहे ना?"

"आज ते ठरलेलं नाही," सर म्हणाले.

सिंधु मॅडमनी चष्मा चढवला. "न ठरलेलंच बघावं माणसानं. टाका."

द्रावण तिनं संगमेशपुढं धरलं. त्याच्या अर्कात त्यानंच टाकायचं होतं. त्यानं सरांकडं पाहिलं, मग थेंब टाकला. काही मिनिटं थांबावं लागतं, एन्झाइमला विष चढेपर्यंत.

धम्मप्रियाचं टेकाड खचलं. सपाट झालं.

संगमेशचा डोंगर होता तसा उभा राहिला. त्याच्यावर विषाचा काही परिणाम नव्हता. तो अगदी निवांत होता.

"हे काय?" सिंधु मॅडम म्हणाल्या.

"या शाईत हळद आहे, मॅडम. दिसतोय तो डोंगर हळदीचा आहे, एन्झाइमचा नाही. रिकाम्या द्रावणातही येतो. आत्ता चालवून दाखवते."

तिनं चालवून दाखवला. राजशेखर सरांनी मान वळवली नाही, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. चाकूरच्या पुढं गाडीत जे हसू आलं होतं ते आता त्यांच्या तोंडात परत आलं असावं, आणि ते गिळता येईना.

सुदर्शन सर पुढं सरकले. त्यांच्या चारांतला एकवाला दिवस उजाडला होता. "हळद चालत तर आली नसेल बाटलीत. दोघांच्या बाटल्या एकाच फ्रिजात? मग कुणी घातली?" आणि धम्मप्रियाकडं बघून, "तुम्हाला बरं लगेच कळलं हळदच आहे ते. ज्याची रेघ छोटी, त्याला दुसऱ्याची मोठी खुपते. असं होतं कधीकधी."

हे तिनं धरलंच नव्हतं. गाडीत तिनं सगळी वाक्यं जुळवून पाहिली होती, हे सोडून. आता पूजा म्हणावं तर बचावासाठी पूजेवर ढकलते. न म्हणावं तर स्वतः चोर. तिनं सरांकडं पाहिलं. राजशेखर सरांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की झालं. आळ तिच्यावर जाणार होता, घर वाचणार होतं, पुन्हा नवी शाई करून दोन महिन्यांनी येता आलं असतं.

"कुणी घातली ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण मी तिथं नव्हते, नागपूरला होते. ऐकलेलं मी सांगत नाही. जे तिथं होते ते सांगतील."

संगमेश खाली बघत होता. सर खिडकीबाहेर. सिंधु मॅडम एकाकडून दुसऱ्याकडं बघत होत्या, घाई नव्हती त्यांना.

सरांच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं, हे ज्याचं त्यानं समजावं. भला माणूस म्हणेल, त्यांना लाज वाटली. हिशोबी माणूस म्हणेल, त्यांनी पुढचं पाहिलं: विद्यार्थिनीनं घातपात केला म्हटलं तर चौकशी होणार, आणि चौकशीत प्रत्येक जण गाडीतल्या गप्पांपर्यंत येणार. दोन्ही खरं असू शकतं. लाज आणि हिशोब एकाच माणसात भाड्यानं राहतात, भांडत नाहीत.

"आमच्या घरून झालं ते," सर म्हणाले. "खंडेनवमीची पूजा. बाटलीचं टोपण उघडं होतं. ते उघडं ठेवणं माझी चूक, मी तिथं उभा होतो. हिचा संबंध न्हाई."

मग सुदर्शन सरांची नजर का कोण जाणे, समोरच्या टेबलावरच्या यंत्राकडं गेली. विद्यापीठाचंच यंत्र. त्याच्या कपाळावर, चालू करायच्या बटणाच्या वर, वाळलेल्या हळदीकुंकवाची दोन बोटं अजून होती. सिंधु मॅडमनीही ती पाहिली.

"आम्ही टोपणं लावून घेतो आधी," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. हसणं कुणालाच परवडणार नव्हतं, म्हणून कुणी हसलं नाही.

निर्णय असा झाला: दसऱ्यानंतरचं सगळं रद्द. यंत्र फाटकावर बसवायचं की नाही, ते दुपारी ठरेल. बिनहळदीची बाटली एकच उरल्यामुळं दोन बाटल्यांची अट आजपुरती सोडली; जेवणानंतर संगमेशनं धम्मप्रियाच्या बाटलीतून, नवा इलेक्ट्रोड घासून, स्वतःच्या हातानं पुन्हा करायचं; आधी साधा अर्क, मग विष. दोन हात जुळले, तर काम तिच्या रेघेवर पुढं जाईल. नाही जुळले, तर काहीच राहत नाही, कुणाचंच.

म्हणजे धम्मप्रियाची चार वर्षं आता संगमेशच्या बोटांत होती. आणि संगमेशचं स्वतःचं प्रकरण अर्ध्या तासापूर्वी मेलं होतं. थेंब जरा तिरका पडला, घासताना हात जरा ढिला फिरला, तर त्याला कुणी काही म्हणणार नव्हतं.

जेवायला धम्मप्रिया गेली नाही. व्हरांड्यात उभी होती. सर तिथं आले. एवढ्यात तोंड धुऊन आले असावेत, भस्माचे पट्टे पुसट झाले होते.

"गाडीतच कळलं होतं तुला," ते म्हणाले.

"हो."

"गाडीतच सांगितलं असतंस, तर मी वाचलो असतो. तिथूनच फोन करून तारीख बदलली असती."

"तुम्ही वाचला असता, सर," ती म्हणाली. "मी नसते वाचले."

चार वर्षांपूर्वीपासून सुरुवात करायची सरांची सवय जिभेपर्यंत आली असावी, पण त्या वाटेनं आज कुठं पोचता येत नव्हतं. ते कठड्याला टेकून उभे राहिले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायला धडपडत होतं. दोघंही ती सुरू होईपर्यंत तिकडंच बघत राहिले.

दुपारी संगमेश घासायला बसला. धम्मप्रियाला टेबलापासून लांब, भिंतीशी बसवलं होतं. सुदर्शन सरांचा आग्रह. तिथून तिला त्याची पाठ आणि उजवा कोपर दिसत होता. कोपर आठच्या आकड्यात फिरत होता. त्याच्या नेहमीच्या सवयीपेक्षा सावकाश. ती मनातल्या मनात तो आकडा गिरवत राहिली आणि दर वळणाला तिला वाटलं की इथं सुटला, इथं सुटला. त्यानं थेंब टाकला. वाकून, श्वास धरून. वाळायला ठेवला आणि उठला नाही, तिथंच बसून राहिला, दूध उतू जाऊ नये म्हणून बाया बसतात तसा.

एन्झाइम. अर्क. रेघ निघाली.

धम्मप्रियाला पडदा दिसत नव्हता, मधे सिंधु मॅडमचा खांदा होता. तिला राजशेखर सरांचा चेहरा दिसत होता. त्यावरून काही कळेना. इतकी वर्षं तो चेहरा वाचत आलेली ती, नेमका आज तो बंद होता.

"सकाळची रेघ लावा वर," मॅडम म्हणाल्या.

संगमेशनं सकाळची तिची रेघ आत्ताच्या रेघेवर ठेवली. मॅडम बाजूला झाल्या. पडद्यावर एकच टेकाड होतं. नीट पाहिलं तर दोन रेघा, एकीवर दुसरी, कडेला कुठं कुठं जराशी फाटलेली. मग विष पडलं, आणि ती दोन्ही मिळून खचली.

"बुटकं आहे," सुदर्शन सर म्हणाले.

"आहे," सिंधु मॅडम म्हणाल्या. "पण दोन हातांचं आहे." आणि राजशेखर सरांकडं वळून त्यांनी विचारलं, की आता हे काम कुणाच्या नावावर पुढं जायचं, कारण सकाळी आपण या मुलीला मोकळं करून राहिलोत असं म्हणालात.

संगमेश पुसत असलेला इलेक्ट्रोड पुसायचा थांबला.

"माझीच विद्यार्थिनी हाय ती," राजशेखर सर म्हणाले. मग तेवढं पुरणार नाही असं त्यांनाच वाटलं असावं. भिंतीशी बसलेल्या धम्मप्रियाकडं न बघता, पण तिला ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "म्हणजे, तिला चालत असेल तर."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिला उत्तराची घाई नव्हती. दोन महिने ती सगळ्यांच्या घाईत होती.

"प्रबंध मार्चमध्ये देईन, सर," ती म्हणाली. "आणि संगमेशला माझ्या बाटलीतली शाई लागेल. त्याला प्रकरण पुन्हा पहिल्यापासून करायचंय."